पश्चिमेची भिंत

घर बांधताना : लेखांक १४

गेल्या आठवड्यात आपण बाहेरच्या भिंतींना प्लास्टरचा पहिला थर दिला आणि तो ओला असतानाच त्यावर नागमोडी ओरखडे ओढून ठेवले, म्हणजे पुढच्या थराला पकड मिळेल. आता शेवटचा थर. भिंतीचा चेहरा इथे ठरतो आणि सगळ्यात महागड्या चुकाही इथेच होतात.

याच सुमारास घरात कॅटलॉग येतं. कोणाला रस्टिक टेक्स्चर आवडतं, कोणाला आडव्या रेघांचं, मुलांना दगडाचं क्लॅडिंग हवं असतं. चित्रातला बंगला नेहमी कोरड्या हवेत, स्वच्छ उन्हात उभा असतो. पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. आपल्या बोईसर-पालघरच्या पट्ट्यात तो दोन हजारांच्या आसपास आणि कित्येक वर्षी त्याच्या बराच वर जातो, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. शिवाय तो सरळ पडत नाही. नवापूरचा समुद्र इथून दहा किलोमीटरच्या आत आहे. नैऋत्येचा वारा पावसाची झड घेऊन येतो आणि घराच्या पश्चिम आणि दक्षिण अंगावर आदळतो. त्याच वेळी घराला वळसा घालून पूर्वेला गेलात तर तिथली भिंत पुष्कळदा नुसती दमट असते. म्हणून माझं पहिलं सांगणं हे की सगळ्या घराला एकच फिनिश हवं, हा हट्ट सोडा. भिंतीचं तोंड कुठे आहे ते आधी बघा आणि मग कॅटलॉग उघडा.

जुन्या माणसांना हे सांगावं लागत नसे. किनाऱ्यावरच्या घरांना पावसाळ्याआधी वाऱ्याच्या अंगाने झापांचा आडोसा बांधला जायचा. वारली घरातला कारवीचा कुड शेणामातीने सारवलेला असतो आणि पावसाने झिजला की पुन्हा सारवतात. भिंतीची वरची कातडी झिजणार आणि ती आपण परत घालणार, हे त्यात गृहीत धरलेलं होतं. सिमेंटच्या घराकडून मात्र आपण वीस वर्षं हात न लावता राहायची अपेक्षा करतो.

माझ्या स्वतःच्या घराला मी पश्चिमेला आडव्या खोल रेघांचं टेक्स्चर केलं होतं. पहिलं वर्ष अतिशय देखणं गेलं. संध्याकाळचं ऊन तिरपं पडलं की प्रत्येक रेघेची सावली उठायची. दुसऱ्या पावसाळ्यात गणपतीला पाहुणे आले तेव्हा भिंत खिडक्यांच्या खाली काळी पडलेली होती. जवळ जाऊन बघितलं तर प्रत्येक आडव्या रेघेचं एक चिमुकलं फडताळ झालेलं. त्यावर आधी रस्त्याची धूळ बसली होती, धुळीत पाणी मुरलं होतं आणि पाण्यावर शेवाळ धरलं होतं. नखाने खरवडलं की खाली रंग शाबूत होता, पण तीन मजली परांची बांधून रेघ न् रेघ ब्रशने घासणं कोणाला दरवर्षी परवडणार? तिसऱ्या वर्षी ते टेक्स्चर काढून टाकलं.

ही धूळ आपल्याकडे नगण्य नाही. चिल्हार रस्त्यावर ट्रक दिवसरात्र चालू असतात, आणि तारापूरची औद्योगिक वसाहत तर उशालाच आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या औद्योगिक क्षेत्रांचं जे मूल्यमापन केलं, त्यात तारापूर सगळ्यात वर होतं. हवेतला हा गाळ पावसाबरोबर भिंतीवर उतरतो. म्हणून बोईसरमध्ये टेक्स्चर करायचंच असेल तर ते उथळ असावं आणि त्याची रेघ उभी असावी, म्हणजे पाणी आपल्याबरोबर घाण घेऊन खाली जातं. खोल आणि आडवं नक्षीकाम हवंच असेल, तर ते पोर्चच्या आत छताखाली करा. तिथे ते खुलतं आणि टिकतं.

काही जण दुसऱ्या टोकाला जातात. त्यांना आरशासारखी गुळगुळीत, पुट्टी लावलेली भिंत हवी असते. गुळगुळीत भिंतीवर पाणी कुठेही न अडता एकाच वाटेने धावतं आणि खिडकीच्या कोपऱ्यातून काळा ओघळ कायमचा उमटतो. शिवाय केसाएवढा तडा गेला तरी लपत नाही. त्यातही गिलावा घट्ट व्हावा म्हणून सिमेंट हात सोडून घातलेलं असतं. सिमेंट जास्त म्हणजे वाळताना आकसणं जास्त. आकसलं की बारीक तड्यांचं जाळं होतं, त्या तड्यांतून पाणी आत शिरतं आणि वरच्या घट्ट थरामुळे बाहेर पडू शकत नाही.

हे कसं घडतं याचं जगप्रसिद्ध उदाहरण स्कॉटलंडमध्ये आहे. तिथल्या पश्चिम किनाऱ्यावरही समुद्रावरून सतत पाऊस येतो. तिथले लोक पूर्वापार चुन्यात बारीक खडी कालवून ती भिंतीवर फेकून मारत. हेलेन्सबरो गावात चार्ल्स रेनी मॅकिंटॉश या थोर वास्तुकाराने १९०४ मध्ये ‘हिल हाऊस’ पूर्ण केलं. बाहेरून त्याने गिलावा खरबरीतच ठेवला, पण चुन्याऐवजी त्या काळी नवं असलेलं पोर्टलंड सिमेंट वापरलं, आणि भिंतींच्या माथ्यांवरची पाणी बाहेर फेकणारी कड गाळली, कारण त्याला स्वच्छ, सलग रेषा हव्या होत्या. पाणी आत जात राहिलं आणि बाहेर यायची वाट राहिली नाही. शंभर वर्षांनी भिंती इतक्या भिजल्या होत्या की २०१९ मध्ये सगळ्या घराभोवती छप्पर आणि पोलादी कड्यांच्या जाळीचा एक प्रचंड पिंजरा उभारावा लागला, घर वाळावं म्हणून. आपल्याकडे हल्ली ‘एलिव्हेशन’साठी छज्जे उडवले जातात, तेव्हा मला हे घर आठवतं. छज्जा नसलेल्या पश्चिमेच्या भिंतीला कुठलंच फिनिश वाचवू शकत नाही.

मग काय करावं? मला विचाराल तर पश्चिमेला आणि दक्षिणेला सॅण्डफेस. दिसायला साधं, शाळांच्या आणि सरकारी कचेऱ्यांच्या भिंतींवर वर्षानुवर्षं पाहिलेलं, त्यामुळे लोक नाक मुरडतात. पण सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीत या कामाचं जे एक लांबलचक कलम आहे ते वाचून बघा. १५ मिलिमीटरचा पहिला थर, १:४ मसाल्याचा, त्यात वॉटरप्रूफिंग. त्याला किमान दोन दिवस पाणी. पृष्ठभाग खरबरीत ठेवायचा. त्यावर ६ ते ८ मिलिमीटरचा दुसरा थर, तोही १:४, दाणे काढून. आणि मग चौदा दिवस पाणी. दुसरा थर पहिल्यापेक्षा जोरकस नाही, हे लक्षात घ्या. वरचा थर खालच्यापेक्षा ताकदवान झाला की तो आकसताना खालच्याला ओढतो आणि पोकळ होतो. बोटाने टकटक केलं की मडक्यासारखा आवाज येतो.

‘दाणे काढून’ या दोन शब्दांत गवंड्याची सगळी कला आहे. थर पाट्याने ओढून रंध्याने सारखा केला की तो थांबतो. किती थांबायचं हे ऊन-वारा बघून तोच ठरवतो. बोट टेकवलं तर ठसा उठावा पण मसाला बोटाला लागू नये. मग ओलसर स्पंज घेऊन तो हलक्या हाताने गोल गोल फिरवतो. वर आलेली सिमेंटची साय निघून जाते आणि रेतीचा दाणा न् दाणा उघडा पडतो. ती साय राहिली असती तर तीच आधी तडकली असती. घाई केली तर दाणे उखडतात, उशीर झाला तर साय सुटत नाही. म्हणून हे काम कंत्राटदाराच्या ब्रासच्या हिशेबात कोंबू नका. एका मजल्याची एक बाजू एका दिवसात, सावली बघून पुरी करून घ्या, नाहीतर काल आणि आजच्या कामातला जोड जन्मभर दिसतो. मजल्याच्या पातळीला एक खाच आखून घेतली की जोड तिच्यात लपतो.

रेतीचा दाणाच उघडा राहणार, म्हणून रेती कुठली हे विचारायलाच हवं. खाडीची रेती नीट धुतलेली नसेल तर तिच्यातलं मीठ भिंतीत जातं आणि पुढे पांढरा लोणा फुटतो. मूठभर रेती अर्धा ग्लास गोड्या पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा. वरचं पाणी जिभेला खारट लागलं तर ट्रक परत पाठवा.

दगडाच्या क्लॅडिंगबद्दल थोडक्यात सांगतो. जोत्याला लावा, माणसाच्या उंचीच्या वर नको. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाचे लहान-लहान धक्के सुरू झाले, ते आपल्यापासून लांब नाहीत. नुसतं चिकटवलेलं वजन डोक्यावर टांगून ठेवू नये. त्याच कारणाने बीम आणि विटांच्या सांध्यावर पहिल्या थराखाली चिकन जाळी घातली होती ना, हे गवंड्याला आताच विचारून घ्या. वरचा थर चढला की राहिलेली जाळी घालायला दोन्ही थर फोडावे लागतील.

पूर्वेला आणि उत्तरेला मात्र हौस करा. तिथे उथळ टेक्स्चर शोभतं आणि स्वच्छही राहतं. सॅण्डफेसलाही रंग चढतो, पण चौदा दिवसांचं पाणी झाल्यावर भिंत निदान दोन आठवडे सुकू द्या, ताज्या सिमेंटचा तिखटपणा रंगाला खातो. हे सगळं काम दिवाळीनंतर काढलेलं उत्तम.

ठरवायच्या आधी एक करा. पश्चिमेच्या भिंतीवर, घराच्या मागच्या बाजूला, तुम्हाला आवडलेल्या दोन-तीन फिनिशचे तीन-तीन फुटांचे चौकोन काढून घ्या. पंधरा दिवस रस्त्याची धूळ बसू द्या आणि मग वरून बादलीभर पाणी ओता. पाणी कुठे अडतं, घाण कुठे साचते, कुठला चौकोन आधी सुकतो, हे घरातल्या सगळ्यांनी उभं राहून बघा. पुढच्या आठवड्यात छज्ज्याच्या खालच्या कडेची खाच आणि गच्चीच्या कठड्याचा उतार.