जोर आवाजाचा नव्हे, संथ लयीचा

बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथ या बँडचा त्याच नावाचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी निघाला. त्याची मोहिनी दणदणाटात शोधली जाते. ती खरं तर संथपणात आहे. शीर्षकगीताची मुख्य धून अवघ्या तीन स्वरांची: षड्ज, वरचा षड्ज आणि तीव्र मध्यम. तो मध्यम लागला की कान सुटकेची वाट पाहू लागतो, आणि इथे ती सुटका मुद्दाम लांबवली जाते. कारखान्यातल्या अपघातात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गमावलेला डावखुरा गिटारवादक टोनी आयोमी बोटांवर टोप्या चढवून, हलक्या तारांवर हे वाजवत होता.

पाऊस आणि घंटानाद अशा भयपटी सजावटीवरच हे सारं उभं आहे, हा आक्षेप जुना. पण ते आवाज मागाहून जोडलेले आहेत; चौघांनी एकत्र वाजवून जवळपास एका दिवसात लंडनमध्ये अल्बम मुद्रित केला होता. धून बाळबोध आहे, हा दुसरा आक्षेप बिल वॉर्डचे ड्रम लक्षपूर्वक ऐकले की टिकत नाही. जॅझवर पोसलेला त्याचा हात एवढ्या जड वादनालाही झुलतं ठेवतो. समीक्षकांनी झोडपलेला हा अल्बम ब्रिटनच्या अल्बम-विक्रीच्या यादीत आठव्या क्रमांकापर्यंत पोहोचला.