गिअरची वायर आणि घरची चूल

सकाळी दहाच्या सुमारास शहागंजच्या घड्याळाच्या टॉवरजवळ रिक्षा अडकली तर काय होते, ते तिथे एकदा अडकलेल्यालाच ठाऊक. पुढे भाजीची हातगाडी, मागे सिटी बस आणि चारी बाजूंनी हॉर्न. मी आठवीत असताना आमच्या अब्बांवर अशी वेळ आली होती. चेलीपुऱ्यातून एका गरोदर सुनेला आणि तिच्या सासूला घेऊन ते घाटी रुग्णालयाकडे निघाले होते. शहागंजला गर्दीत थांबावे लागले आणि रिक्षा तिसऱ्या गिअरवरून खाली येईना. अब्बांनी क्लच दाबून मूठ जोराने फिरवली. ‘कट्’ असा आवाज आला आणि मूठ हातात मोकळीच फिरू लागली. गिअरची वायर तुटली होती.

अब्बांनी दोघींना ओळखीच्या रिक्षात बसवले, भाडे घेतले नाही आणि आपली रिक्षा ढकलत कडेला आणली. दुपारी घाटीत जाऊन चौकशी केली. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. अल्लाहचे शुक्र मानून ते घरी आले, पण त्या रात्री नीट जेवले नाहीत. अम्मीला म्हणाले, “वायर आठ दिवसांपासून जड जात होती. ती सांगत होती, मीच ऐकले नाही. आज उद्या, आज उद्या करत राहिलो.”

दिवसभराच्या इंधनापेक्षाही कमी किमतीच्या त्या वायरीसाठी अख्ख्या दिवसाची कमाई गेली. शिवाय परक्याच्या लेकीचा जीव टांगणीला लागला, तो वेगळाच.

एक तार, एक नळी

आपल्या शहराचे आणि या वायरीचे नाते जुने आहे. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि इथल्या कितीतरी घरांत कामगाराची पगाराची पाकिटे आली. कुठे दारात चेतक उभी राहिली, कुठे रिक्षाच्या हप्त्यावर घर चालले. जुन्या चेतकमध्ये आणि हँडलवर गिअर असलेल्या जुन्या रिक्षात इंजिन मागे आणि मूठ पुढे. मधले सगळे अंतर वायर पार करते.

या वायरीची करामत साधी आहे. बाहेर पोलादी पट्टीच्या वेटोळ्यांची नळी, तिला आपण आऊटर म्हणतो. आत बारीक तारांचा पीळ, तो इनर. आऊटरची दोन्ही टोके पक्की टेकलेली असली की आतली तार ओढता येते आणि वळणावळणातूनही ओढ पोहोचते. इंग्लंडमधील अर्नेस्ट मॉनिंग्टन बाऊडेन यांनी १८९६ मध्ये अशा केबलचे पेटंट घेतले, म्हणून जगभर ती बाऊडेन केबल म्हणून ओळखली जाते.

तार ओढता येते, पण ढकलता येत नाही. ढकलली तर वाकते. म्हणूनच आपल्या स्कूटर-रिक्षात गिअरसाठी दोन वायरी असतात. मूठ एकीकडे फिरवली की एक ओढली जाते, दुसरीकडे फिरवली की दुसरी. एकच ढिली झाली तर गिअर वर चढतो पण खाली येत नाही, किंवा याच्या उलट होते. अब्बांच्या रिक्षाचे तेच झाले होते.

कोकणातल्या वाचकांना हाच आजार समुद्रावर भेटेल. काही जुन्या मोटरबोटींत इंजिन बोटीच्या आत मागच्या बाजूला आणि पंखा चालवणारा भाग बाहेर पाण्यात असतो. तिथे गिअरची केबल बोटीच्या मागच्या भिंतीतून रबरी भात्यातून बाहेर जाते. भात्याला चीर पडली की पाणी शिरते, केबल गंजते आणि गिअर जड होतो. तिथली केबल जाड असते, एकच केबल ओढते आणि ढकलतेही. पण धक्क्याला लागताना बोट न्यूट्रलवर आलीच नाही, तर कडेला ढकलायला रस्ता नसतो. म्हणून तिथले जाणकार केबलबरोबर तो भाताही वेळच्या वेळी तपासतात, बदलतात.

वायर आधी सांगते

वायर एकदम तुटत नाही. बहुतेक वेळा ती निपलजवळ तुटते. मुठीच्या किंवा लिव्हरच्या खाचेत निपल मोकळी फिरायला हवी. धूळ आणि सुकलेल्या ग्रीसने ती घट्ट बसली, की प्रत्येक वेळी तारच वाकते आणि एकेक धागा तुटू लागतो. तुटलेला धागा आऊटरच्या आत अडकतो, म्हणून मूठ जड लागते. मूठ जड झाली म्हणजे हाताचे बळ वाढवायचे नाही, वायर पाहायची.

आणखी काही खुणा: क्लच सोडल्यावर लिव्हर सावकाश परत येणे, न्यूट्रल सापडायला वेळ लागणे, मुठीवरचा आकडा आणि प्रत्यक्ष गिअर यांचा मेळ नसणे, आऊटरचे प्लास्टिक फाटून आतला गंज दिसणे.

महिन्यातून अर्धा तास

गाडी सपाट जागी, इंजिन बंद आणि थंड असताना हे काम करावे. दोन्ही टोकांच्या निपला पाहाव्यात. एकही धागा सुटलेला दिसला, तर तेल घालून वेळ काढू नये, वायर बदलावी. निपलच्या खाचेत बोटभर ग्रीस लावावे.

साध्या आऊटरमध्ये तेल घालायची जुनी युक्ती अशी: वायरीचे वरचे टोक सोडवावे, त्याला प्लास्टिकची छोटी पिशवी दोऱ्याने घट्ट बांधावी, तिच्यात पातळ तेल ओतावे आणि टोक उंच टांगून ठेवावे. रात्रभरात तेल खाली उतरते. खालून काळे तेल ठिबकू लागले की आत वाट झाली असे समजावे. आऊटरच्या आत नायलॉनचे अस्तर असेल तर मात्र जाड ग्रीस भरू नये. त्याला धूळ चिकटते आणि वायर उलट जड होते.

मग हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. कुठे वायर ताणली जाते का, चिमटते का, सायलेन्सरला टेकते का? इंजिन सुरू करून न्यूट्रलमध्ये असेच पाहावे. हँडल वळवताना आवाज वाढला, तर एक्सिलेटरची वायर ताणलेली आहे.

गिअरच्या दोन्ही वायरी न्यूट्रलवर ठेवूनच जुळवाव्यात. चेक नट ढिला करायचा, अॅडजस्टरने दोन्हींतला सैलपणा काढायचा, पण सतारीच्या तारेसारखे ताणायचे नाही. मग नट पुन्हा आवळून प्रत्येक गिअर पडतो का ते पाहायचे. क्लचला थोडा खेळ हवाच. तो किती, ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. खेळच ठेवला नाही तर क्लच पूर्ण बसत नाही आणि प्लेटा जळतात.

नवी वायर टाकताना जुनी आधी उपसून फेकू नये. जुनीच्या शेपटाला नवी बांधून ओढली, की ती आपोआप योग्य वाटेने जाते. सीटखाली गिअरची आणि क्लचची एकेक नवी वायर असावी. वाटेत तुटलीच तर आधी प्रवाशांना उतरवून दुसरी सोय करून द्यावी. ओढाताण करत गाडी पुढे रेटू नये.

त्या दिवसानंतर अम्मीने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर एक नवी खूण सुरू केली. दुधाचा हिशेब, गॅसची तारीख, आणि त्यांच्या खाली ‘वायर’. दर महिन्याला घरखर्चातून थोडे पैसे ती चहाच्या जुन्या डब्यात टाकायची. अब्बा चेष्टेने म्हणायचे, “रिक्षा माझी की तुझी?” अम्मी म्हणायची, “रिक्षा तुमची, पण चूल माझी आहे ना.”

अब्बांनी आता रिक्षा सोडली, ती माझा भाऊ चालवतो. कॅलेंडर बदलते, खूण तीच आहे. गेल्या आठवड्यात भाऊ जेवताना म्हणाला, “मूठ जरा जड लागतेय.” अब्बांनी हातातला घास खाली ठेवला आणि म्हणाले, “मग जेव, आणि आत्ताच बघू.”