चौदा आणे

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती अंमलात आली, सोळा आण्यांचा रुपया हळूहळू व्यवहारातून उठला, महसुली दप्तरातील आणेवारीचीही पैसेवारी झाली; परंतु कोकणातील हापूसच्या बागांत आणा अद्याप चालू आहे, आणि फळ उतरवावे की झाडावर राखावे याचा निवाडा बागायतदार आजही ‘चौदा आणे तयार’ या शब्दांनीच करतो.

जे जे पिकलेले नाही ते ‘कच्चे’ म्हणून आपण एकाच पंक्तीस बसवतो, हे मला अन्यायाचे वाटते. जिला अजून बाठाही धरलेला नाही ती चटणीची कोवळी कैरी कच्ची, आणि माधुर्याची सारी सामग्री ज्याच्या अंगी साठून चुकली आहे तो हिरवा, टणक आंबाही कच्चाच! संस्कृतातील ‘आम’ हा शब्दही असाच सरसकट. न पिकलेले, न शिजलेले, न पचलेले हे तिन्ही अर्थ तो वाहतो, आणि मराठीत तो ‘आमांश’, ‘आमवात’ अशा रूपांनी वैद्याच्या घरी राहिला आहे. बागायतदाराने मात्र ‘तयार’ आणि ‘पिकलेला’ यांतील भेद कटाक्षाने राखला.

चौदा आणे आंब्याचे खांदे भरून देठाच्या वर आलेले असतात, देठाशी लहानशी खळगी पडते, गडद हिरवा रंग निवळतो, आणि पाण्यात सोडल्यास फळ तळाशी जाते. त्याच्या गरात पिष्ट साठलेले असते. पेंढ्याच्या अढीत आंबा स्वतःच इथिलीन वायू सोडतो आणि त्या पिष्टाची साखर होते. दहा आण्यांवर उतरवलेल्या फळापाशी ही पुंजीच अपुरी असल्यामुळे ते अढीत सुरकुतते, पिकत नाही. सोळा आण्यांपर्यंत थांबावे, तर गरात साका धरण्याचे भय वाढते आणि फळ दूरच्या प्रवासास टिकत नाही.

हंगामारंभीच्या चढ्या भावाच्या लोभाने कोवळे फळ उतरवून, २०११ च्या अन्नसुरक्षा विनियमांनी निषिद्ध ठरवलेल्या कॅल्शियम कार्बाइडने ते पिवळे करणारे आहेत; त्या फळास रंग चढतो, गोडी येत नाही. म्हणून वाचकांस विनंती, की पेटी घेताना ‘पिकला आहे का’ एवढेच विचारून थांबू नये. तो किती आण्यांवर उतरवला, हे अवश्य विचारावे.