ओव्याचा अर्क, मातीच्या नळीत

चिमूटभर ओवा तळहातावर चोळला की येणारा झणझणीत वास मुख्यतः थायमॉलचा. हे द्रव्य जिवाणूंचं पेशीपटल फाडतं, बुरशीलाही आवरतं. पण भराभर उडून जातं. इथे हॅलॉयसाइट नावाची माती कामी येते. तिचे कण म्हणजे निसर्गानेच वळलेल्या सुरळ्या: लांबी साधारण 1 मायक्रोमीटर, आतली पोकळी जेमतेम 15 नॅनोमीटर. पोकळीतली हवा खेचून घेऊन तिथे थायमॉल भरतात आणि ही भुकटी फळांच्या वेष्टनाच्या प्लास्टिकमध्ये मिसळतात. मग सुरळीच्या तोंडांतून वाफ सावकाश झिरपत राहते. फळाला अर्क चोळावा लागत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. मात्रा मात्र जपावीच लागते. थोडी जास्त झाली, तरी स्ट्रॉबेरीला ओव्याचा वास लागतो.