न बोलता अडवण्याचा अधिकार

१० जून १९६४. वॉशिंग्टनमध्ये सिनेटच्या सभागृहात क्लेअर एंगल यांना व्हीलचेअरवरून आणलं गेलं. मेंदूतल्या गाठीमुळे कॅलिफोर्नियाच्या या सिनेटरची वाचा गेली होती. नाव पुकारताच त्यांनी कसाबसा हात उचलून डोळ्याकडे नेला. इंग्रजीत डोळा आणि मतदानातला होकार, दोन्हींचा उच्चार 'आय'. त्यांचा होकार नोंदवला गेला. ७१ विरुद्ध २९ मतांनी चर्चा आवरती घेण्याचा ठराव मंजूर झाला आणि नागरी हक्कांचं विधेयक ६० दिवसांच्या कोंडीतून सुटलं.

ही कोंडी म्हणजे फिलिबस्टर. भाषणं लांबवत न्यायची आणि मतदानाची वेळच येऊ द्यायची नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेत याचा उल्लेख नाही. १८०६मध्ये सिनेटने नियम आटोपशीर करताना चर्चा थांबवण्याची एक तरतूद वगळली. ही प्रथा त्या मोकळ्या जागेत वाढली. १९१७मध्ये दोन तृतीयांश मतांनी चर्चा थांबवायची सोय झाली. १९७५मध्ये ती अट १००पैकी ६० मतांवर आली.

पूर्वी अडवणाऱ्याला अंग झिजवावं लागे. खाली बसायची मुभा नसे. १९५७मध्ये साउथ कॅरोलिनाचे स्ट्रॉम थर्मंड नागरी हक्कांच्या विधेयकाविरुद्ध २४ तास १८ मिनिटं बोलले. राज्याराज्यांचे निवडणूक कायदे वाचत राहिले. विधेयक तरीही मंजूर झालं.

१९७०च्या दशकात अडलेलं विधेयक बाजूला ठेवून दुसरं काम हाती घेण्याची पद्धत रुळली. हेतू चांगला होता, पण अडवणं फुकटात पडू लागलं. आता ४१ जण विरोधात आहेत एवढं कळलं तरी पुरतं. २०१३मध्ये बंदूक घेणाऱ्यांची पूर्वतपासणी वाढवणाऱ्या दुरुस्तीला ५४ मतं मिळाली, आणि ती पडली.

समर्थक म्हणतात, ६०ची अट दोन्ही पक्षांना एकत्र बसवते. १९६४चं विधेयक खरोखरच दोन्ही पक्षांच्या मतांवर तरलं. पण झुंडीने माणसं मारण्याविरुद्धचं विधेयक कनिष्ठ सभागृहाने १९२२मध्ये मंजूर केलं, ते सिनेटमध्ये अडलं. तसा कायदा व्हायला २०२२ उजाडलं. ज्यांचे जीव गेले, त्यांच्यासाठी शंभर वर्षांचा हा उशीर म्हणजे नकारच होता.

अल्पमताचं ऐकून घेणं हे बहुमताचं कर्तव्य आहे. पण आपलं म्हणणं उभं राहून, चारचौघांत मांडणं हेही अल्पमताचं कर्तव्यच. बोलता येत नसताना एंगल सभागृहात आले आणि मत देऊन गेले. ज्यांना बोलता येतं, त्यांनी विधेयक अडवण्याआधी निदान बोलावं.