आठवडा मोजायचा कशाने?

लॅटर-डे सेंट्स, म्हणजेच मॉर्मन चर्चचे तरुण प्रसारक घर सोडून निघतात; मुलगे 2012 पासून वयाच्या 18 व्या वर्षीच, साधारण 24 महिन्यांसाठी, आणि मुली 18 महिन्यांसाठी. ते नेहमी जोडीनेच फिरतात. आठवड्यातला एक दिवस कपडे धुणे, बाजार आणि घरच्यांची विचारपूस यांसाठी राखलेला. अशा आठवड्याचे यश बाप्तिस्म्यांच्या आकड्यावर तोलणे मला चुकीचे वाटते. त्यांच्याकडून धर्म शिकणारा माणूस रविवारच्या उपासनेला आपणहून येतो का, एकटा असतानाही प्रार्थना करतो का, दारू-तंबाखूच नव्हे तर चहा-कॉफीही सोडतो का, यात त्याची प्रगती दिसते. (चहा सोडणे किती कठीण, हे मराठी घराला वेगळे सांगायला नको.)

कोवळ्या वयाची ही मुले एखाद्याच्या एकाकीपणाचा फायदा घेतात, असा आक्षेप येतो. ही भीती अनाठायी नाही. म्हणूनच बाप्तिस्म्यापूर्वीची मुलाखत शिकवणाऱ्याने नव्हे, दुसऱ्याने घ्यायची आणि अल्पवयीनाला पालकांची संमती हवी, असे नियम आहेत. नियमांनी घाई रोखता येते, सोबत मात्र मिळत नाही. प्रसारकांची ठिकाणे बदलत राहतात; नव्या सदस्याला धरून ठेवणारी माणसे तिथल्या मंडळीतच असावी लागतात.