महाराष्ट्रातला हिवाळा: हुरडा, रोहित पक्षी, स्ट्रॉबेरी... नेमकं कधी जायचं आणि का?

डिसेंबर उजाडला की व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच प्रश्न फिरू लागतो, 'यंदा कुठं जायचं?' बऱ्याच जणांचं उत्तर ठरलेलं असतं. २५ ते ३१ डिसेंबर, महाबळेश्वर नाहीतर कोकण. मग घाटात तासन् तास गाडी अडकते, हॉटेलचे दर दुप्पट होतात आणि परत आल्यावर तक्रार असते, 'पक्षी दिसलेच नाहीत', 'स्ट्रॉबेरी आंबटच होती', 'थंडी कुठं होती?'

अशा वेळी जागा चुकलेली नसते, तारीख चुकलेली असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ आपण सरसकट हिवाळा म्हणतो. पण हुरडा, स्ट्रॉबेरी, स्थलांतरित पक्षी, कासवांची पिल्लं या प्रत्येकाचा हंगाम वेगळा असतो. तो पाण्यावर, पिकावर आणि तापमानावर ठरतो, सुट्ट्यांच्या कॅलेंडरवर नाही.

थंडी येते कुठून?

ऑक्टोबरमध्ये मोसमी पाऊस राज्यातून परततो. त्यानंतर उत्तरेकडून कोरडे वारे वाहू लागतात आणि आकाश निरभ्र होतं. दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता आकाशात सोडून देते. ढग असले तर ते गोधडीसारखं काम करतात आणि ही उष्णता अडवून धरतात. ढग नसले की जमीन झपाट्याने गार होते. गार हवा जड असते, त्यामुळे ती सखल भागात साचते.

म्हणूनच राज्यातल्या नीचांकी तापमानाच्या बातमीत नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचं नाव पुन्हा पुन्हा येतं. मुंबईत शेजारी समुद्र असतो, तो रात्रीही हवा फार गार होऊ देत नाही.

महाबळेश्वरात 'बर्फ पडला' अशी बातमी दरवर्षी येते. खरं तर तो बर्फ आकाशातून पडलेला नसतो. वेण्णा तलाव आणि लिंगमळा या सखल भागात पहाटे दव गोठतं. गाड्यांच्या टपांवर, गवतावर, पानांवर पांढरा थर दिसतो आणि ऊन आलं की तो विरघळतो. त्याच वेळी वरच्या बाजारपेठेत थंडी तुलनेने कमी असते. हे बघायचं असेल तर निरभ्र आकाशाची, वारा पडलेली रात्र निवडावी लागते आणि सूर्योदयाआधी तलावापाशी पोहोचावं लागतं. बंगालच्या उपसागरात किंवा अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं की ढग येतात आणि थंडी काही दिवस गायब होते. त्यामुळे निघण्याआधी हवामान विभागाचा किमान तापमानाचा अंदाज पाहून घ्यावा.

हुरडा: मोजक्या दिवसांचा पाहुणा

हुरडा म्हणजे रब्बी ज्वारीचं कोवळं कणीस. दाण्यात चीक भरलेला असतो पण तो अजून घट्ट झालेला नसतो, ही हुरड्याची वेळ. जमिनीत आगटी करून गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर कणसं भाजायची, तळहातावर चोळून दाणे मोकळे करायचे आणि लसणाची किंवा शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही यांच्यासोबत खायचे. जोडीला बोरं, ऊस, पेरू असतातच.

एका वावरातला दाणा या अवस्थेत थोडेच दिवस राहतो. नंतर तो कडक होतो आणि त्याची भाकरीच होते. म्हणून हुरडा पार्टी चालवणारे शेतकरी काही दिवसांच्या अंतराने टप्प्याटप्प्याने पेरणी करतात. त्यामुळे डिसेंबर ते फेब्रुवारी हुरडा मिळत राहतो. सुरती, गुळभेंडी ही हुरड्यासाठी खास पेरल्या जाणाऱ्या वाणांची नावं. यांचा दाणा गोड असतो आणि कणसातून सहज सुटतो.

इथं शेतकऱ्याच्या दृष्टीने बराच फरक पडतो. ज्वारी बाजारात नेली तर धान्याचा भाव मिळतो, त्याच वावरात पाहुणे आले तर जेवण, बैलगाडी, शिवारफेरी अशा सगळ्याचे पैसे मिळतात. राज्य सरकारने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणलं, त्यामागचा विचार हाच होता. जाण्याआधी फोन करून एकच प्रश्न विचारावा, 'हुरडा तुमच्याच वावरातला आहे का?' बाहेरून आणलेली, आदल्या दिवशी तोडलेली कणसं भाजली तर ती चव येत नाही.

स्ट्रॉबेरी आणि द्राक्षं

महाबळेश्वर-पाचगणी पट्ट्यात स्ट्रॉबेरीची लागवड मुसळधार पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. पहिली फळं नोव्हेंबरच्या अखेरीस दिसू लागतात. पण दिवसा ऊन आणि रात्री गारवा असं हवामान स्थिरावलं की फळात गोडी भरते, म्हणजे जानेवारीपासून पुढे. या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हे फळ नाजूक असतं आणि तोडल्यावर फार टिकत नाही. त्यामुळे शहरात पोहोचणारी स्ट्रॉबेरी बऱ्याचदा पूर्ण पिकण्याआधी तोडलेली असते. रोपावरच लालबुंद झालेलं फळ शेतात उभं राहून खाण्याची मजा म्हणूनच वेगळी. जवळच भिलार आहे. २०१७ पासून हे 'पुस्तकांचं गाव' म्हणून ओळखलं जातं. तिथं घराघरांत मराठी पुस्तकं वाचायला ठेवलेली आहेत.

नाशिकची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चदरम्यान तोडणीला येतात. इथं एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. पर्यटकाला हवीहवीशी वाटणारी कडाक्याची थंडी द्राक्ष बागायतदाराची झोप उडवते. पारा फार खाली गेला तर मणी तडकतात, वाढ थांबते. त्यामुळे निफाड परिसरात पहाटे बागांमध्ये शेकोट्या पेटलेल्या दिसतात.

पक्षी बघायचे तर पाण्याची पातळी बघा

भिगवणजवळ उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात हजारो पक्षी उतरतात. मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून येणारा पट्टकादंब आणि लांब पायांचा रोहित हे त्यातले लाडके. रोहितलाच अग्निपंख किंवा फ्लेमिंगो म्हणतात.

रोहित उथळ पाण्यात चोच उलटी बुडवून चिखल गाळतो आणि त्यातलं शेवाळ, बारीक जीव खातो. त्याच्या पंखांचा गुलाबी रंगही या खाण्यातूनच येतो. त्याला खोल पाणी चालत नाही. उजनीची क्षमता सुमारे ११७ टीएमसी आहे. पाऊस भरपूर झाला आणि धरण तुडुंब असलं तर काठावर उथळ दलदल उरत नाही. अशा वर्षी रोहित उशिरा येतात, कधी कमीही येतात. शेतीसाठी पाणी सोडलं जातं, पातळी उतरते आणि मग जागा तयार होते. त्यामुळे डिसेंबरपेक्षा जानेवारी-फेब्रुवारी अधिक भरवशाचे. कुंभारगाव, डिकसळ इथले मासेमार आता नावाडी आणि पक्षी ओळखून देणारे वाटाडे झाले आहेत. त्यांनाच आधी फोन करून 'रोहित आलेत का?' असं विचारणं सगळ्यात सोपं.

निफाड तालुक्यातलं नांदूरमधमेश्वर हे राज्यातलं पहिलं रामसर क्षेत्र. म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून त्याची नोंद आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरच्या बंधाऱ्यामुळे इथं गाळ साचला, उथळ पाणी तयार झालं आणि पक्षी आले. मुंबईकरांसाठी ठाणे खाडी जवळ आहे. ऐरोलीहून बोट सुटते, पण तिची वेळ भरती-ओहोटीवर ठरते. त्यामुळे वेळापत्रक पाहिल्याशिवाय निघू नये.

गड, समुद्र आणि वाघ

पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्या आणि उन्हाळ्यात तापलेला कातळ, यांच्या मधे गड चढायला हिवाळाच उरतो. १,६४६ मीटरचं कळसूबाई शिखर असो की साल्हेर, हवा कोरडी असल्याने दूरवरची शिखरं दिसतात. जुलै २०२५ मध्ये शिवकालीन १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यातले ११ महाराष्ट्रात आहेत आणि जिंजी तमिळनाडूत. त्यामुळे रायगड, प्रतापगड, लोहगडावर सुट्टीच्या दिवशी गर्दी असते. साल्हेर, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग हेही त्याच यादीत आहेत आणि तुलनेने शांत आहेत.

पावसाळ्यात बंद असलेली सिंधुदुर्ग किल्ल्याची बोट हिवाळ्यात सुरू असते. नद्यांनी समुद्रात आणलेला गाळ तोवर खाली बसतो, पाणी स्वच्छ होतं. म्हणून मालवण-तारकर्लीला स्नॉर्कलिंग आणि स्कूबा डायव्हिंगचा हंगामही हाच.

ताडोब्याचं गणित मात्र उलटं आहे. हिवाळ्यात जंगल हिरवं, हवा आल्हाददायक, पण पाणवठे भरलेले असतात आणि झाडी दाट असते. वाघाला ठरावीक पाणवठ्यावर यावंच लागतं असं नाही. फक्त वाघच बघायचा असेल तर एप्रिल-मे बरे. जंगल, पक्षी, हरणांचे कळप आणि धुक्यातली सकाळ हवी असेल तर हिवाळा. उघड्या जिप्सीत पहाटे गारवा हाडांत शिरतो, त्यामुळे कानटोपी आणि हातमोजे लागतातच. ताडोबा मंगळवारी बंद असतं आणि बुकिंग ऑनलाइन होतं. नागपूरमार्गे जाणाऱ्यांनी विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या तारखा बघून घ्याव्यात, त्या दिवसांत शहरात खोल्या मिळणं अवघड होतं.

कोणत्या महिन्यात काय?

- नोव्हेंबर: गडकिल्ले, मालवणचा समुद्र, ताडोबा. दिवाळीची सुट्टी संपली की गर्दी ओसरते.
- डिसेंबर: पुण्यात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव. दत्त जयंतीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याचा घोडेबाजार. महिन्याच्या मध्यावर मिथुन राशीतला उल्कावर्षाव, अर्थात शहराच्या दिव्यांपासून दूर.
- जानेवारी: हुरडा, स्ट्रॉबेरी, उजनीचे पक्षी.
- फेब्रुवारी: द्राक्षं, रोहित पक्षी. महिन्याच्या उत्तरार्धापासून रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं. अंडी घातल्यापासून पिल्लं बाहेर यायला साधारण ५० दिवस लागतात, त्यामुळे आधी तारीख सांगता येत नाही. हाती दोन दिवस ठेवून गावातच मुक्काम करावा.

कुठं सांभाळायचं?

जानेवारीपर्यंत सह्याद्रीतलं गवत वाळून कोळ झालेलं असतं. गडावर शेकोटी पेटवून न विझवता निघून गेलं, तर एका ठिणगीने अख्खा डोंगर पेटतो. वणव्यात जमिनीवर घरटी करणारे पक्षी, सरपटणारे प्राणी आणि गावकऱ्यांचा चारा, सगळंच जातं. कड्यांवर आग्या मोहोळं असतात. धूर, उग्र अत्तर आणि आरडाओरडा यांनी माश्या उठतात आणि निमुळत्या वाटेवर पळायला जागा नसते.

दिवसही लहान असतो. डिसेंबरमध्ये सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे दुपारी उशिरा गड चढायला सुरुवात करणाऱ्यांना उतरताना अंधार गाठतो. टॉर्च सोबत हवीच.

आणि बोटीत लाइफ जॅकेट. मे २०२४ मध्ये उजनीच्या पाण्यात वादळात प्रवासी बोट उलटून सहा जणांचा जीव गेला. हिवाळ्यात पाणी शांत दिसतं म्हणून जॅकेट नाकारू नये. नावाड्याकडे ते नसेल तर दुसरी बोट बघावी. रोहितांचा थवा जवळून उडताना दिसावा म्हणून बोट आत घुसवायचा आग्रहही धरू नये. दर वेळी उडावं लागलं तर पक्ष्यांचं खाणं राहतं, आणि सतत त्रास होत असलेली जागा ते सोडून देतात. तसं झालं तर पुढच्या हिवाळ्यात नुकसान पर्यटकाचं होईलच, त्याहून जास्त त्या नावाड्याचं होईल.